संकल्पातल्या मोकळ्या जागा

भिक्षुकीच्या धंद्यात पाठांतराचे जेवढे कौतुक होते तेवढे दुसऱ्या कशाचेच होत नाही. (भिक्षुकीला धंदा म्हटलेले आमच्यातल्या काहींना खपत नाही, पण ज्यावर घर चालले, मुलाचे शिक्षण झाले, त्याला मी धंदाच म्हणतो.) यजमानाला स्वर कळत नाहीत, कुठला मंत्र चालला आहे तेही कळत नाही. गुरुजींपुढची पोथी मिटलेली आहे, एवढे मात्र त्याला बरोबर दिसते. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. गाणे म्हटल्यासारखे म्हणणारा, घाई करणारा, डोके हलवणारा यांच्याच पंक्तीला लिहिलेले बघून म्हणणाराही बसवला आहे. वाईला पाठशाळेत आमचे गुरुजी हे अधूनमधून ऐकवत आणि आम्ही पोरे डोके न हलवता ऐकत असू.

म्हणून प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचे औषध चालू झाल्यावर माझे विसरणे वाढू लागले, तेव्हा कितीतरी दिवस मी ते कुणाला कळू दिले नाही. कॅन्सर झाल्याचे सांगितले होते, त्यात संकोच वाटला नाही. कॅन्सर झालेल्या गुरुजींना भेटायला यजमान फळे घेऊन येतात. विसरणाऱ्या गुरुजींकडे मुहूर्त विचारायला कोणी येत नाही.

आजाराचे थोडक्यात सांगतो. लघवी अडते म्हणून दाखवायला गेलो, तिथे रक्तातला पीएसए तपासला. साधारण चारच्या आत असावा असा तो आकडा माझा तीन आकडी निघाला. मग बायोप्सी, स्कॅन. कमरेच्या हाडात आणि मणक्यांत ठिपके दिसले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. या कॅन्सरला पुरुषाच्या अंगातले टेस्टोस्टेरॉन पोसते, ते तोडले की तो दबतो. चार्ल्स हगिन्स नावाच्या शिकागोच्या सर्जनने हे १९४१ साली दाखवून दिले आणि १९६६ साली त्याला नोबेल मिळाले. आजही उपचाराचा पाया तोच आहे. एक वाट शस्त्रक्रियेची, वृषण काढून टाकायचे, खर्च एकदाच. दुसरी इंजेक्शनची. मी इंजेक्शन घेतले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. परिणाम दोन्हींचा सारखाच असतो हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

दर तीन महिन्यांनी बेंबीच्या बाजूला कातडीखाली जाड सुईने एक कांडी सरकवतात. अक्षतेहून थोडी लांब. ती हळूहळू विरघळते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीला आधी डिवचते, मग गप्प करते. त्या पहिल्या उसळीसाठी काही आठवडे वेगळ्या गोळ्या होत्या. पुढे जोडीला अबिराटेरॉन आले, रोज चार गोळ्या, अनशापोटी. जेवणाबरोबर घेतल्या तर त्या रक्तात कितीतरी पट जास्त उतरतात, म्हणून हा नियम. मला तो जड गेला नाही. पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालायचे नाही ही लहानपणापासूनची सवय, त्यामुळे स्नान झाले की पाण्याबरोबर गोळ्या, मग पूजा, मग चहा. ज्या गोष्टी पूजेला बांधल्या गेल्या त्या आजवर चुकलेल्या नाहीत. हे मला तेव्हा लक्षात यायला हवे होते. आले बरेच नंतर.

“किती दिवस घ्यायचं हे, डॉक्टर?” मी विचारले होते.

“आता हे चालूच राहील, गुरुजी.”

पहिला त्रास वाफांचा. बसल्या जागी छातीतून आग वर चढते, मान, कान, टाळू तापते, घामाने अंग निथळते आणि पाच-दहा मिनिटांत थंडी वाजते. घरी हे होते तेव्हा पंख्याखाली जाता येते. होमापुढे काय करणार? पुढ्यात कुंड पेटलेले, गोवऱ्यांचा धूर, अंगावर कद, आणि पंखा लावायची सोय नाही, कारण ज्वाळा यजमानाच्या अंगावर येते. एकदा नवग्रहांच्या आहुत्या चालू असताना घामाचे थेंब नाकाच्या शेंड्यावरून समिधांवर पडायला लागले. यजमानीणबाई म्हणाल्या, “गुरुजींना बरं वाटत नाहीये.” मी हातानेच ‘चालू द्या’ म्हटले. घरी येऊन बायकोला सांगितले, तर ती म्हणाली, “माझ्या वेळी तुम्ही थंडी वाजते म्हणून पंखा बंद करायचात. आठवतंय?” आठवत होते.

विसरणे असे एका दिवसात आले नाही. आधी घरातल्या वस्तू, मग शेजाऱ्यांची नावे, मग बोलता बोलता शब्द तोंडाशी येऊन अडायचा. साठी उलटून गेली होती, तेव्हा वयाच्या नावावर बरेच खपून गेले. धंद्यात ते शिरले संकल्पातून.

ज्यांनी पूजा नुसती दुरून पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक कार्याच्या आरंभी संकल्प असतो. आपण काळात कुठे आहोत, स्थळात कुठे आहोत, कोण आहोत आणि काय करणार आहोत, हे त्यात उच्चारायचे. सांगाडा ठरलेला, मुंजीपासून पाठ. पण मध्ये मध्ये जागा मोकळ्या असतात: संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, मग यजमानाचे गोत्र, नाव, आणि कार्य कशासाठी. पोथीत तिथे ‘अमुक’ छापलेले असते. तो अमुक रोज बदलतो. सकाळी एका घरी काश्यप, दुपारी दुसऱ्या घरी भारद्वाज. पाठांतर कितीही पक्के असो, हे भरायचे ते ताज्या आठवणीतूनच.

एका वास्तुशांतीला यजमान पाटावर बसले, मी नाव-गोत्र विचारून घेतले, पत्नीचे, मुलांचेही. कलशाची मांडणी केली, दिवा लावला, संकल्पाला बसलो. यजमानांच्या उजव्या तळहातावर अक्षता, सुपारी, फूल, त्यावर पळीभर पाणी. काळ म्हणून झाला, देश म्हणून झाला, आणि गोत्राच्या जागी आल्यावर माझ्या मनात काहीच नव्हते. चुकीचे गोत्रसुद्धा नाही. मागच्या क्षणापर्यंत जीभ आपोआप चालली होती, ती थांबली. यजमान माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांच्या बोटांच्या फटींतून पाणी ताम्हनात ठिबकत होते. मी म्हणालो, “आपलं गोत्र आणि नाव आपण स्वतः मोठ्याने उच्चारा.” त्यांनी उच्चारले. पाठीमागे बसलेल्या त्यांच्या वडिलांना ते फार आवडले. बाकीचे गुरुजी सगळे स्वतःच म्हणून मोकळे होतात, तुम्ही यजमानाकडून म्हणवून घेता, असे नंतर म्हणाले. शास्त्राला धरूनच आहे ते. संकल्प यजमानाचा, त्यानेच करायचा. पुढे कितीतरी महिने मी याच युक्तीवर निभावले.

पण युक्ती एकाच जागी चालते. मुहूर्ताची तारीख रस्त्यात फोनवर कबूल करायची आणि घरी येईपर्यंत कोणत्या घरची ते आठवायचे नाही, यावर युक्ती नाही. लग्नसराईत एकाच दिवशी दोन ठिकाणी कबूल झालो. त्यातल्या एका घराने मला पुन्हा बोलावलेले नाही, आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

शेवटी बायकोनेच विषय काढला, आणि तोही माझ्यापुढे डॉक्टरांच्या खोलीत. “हे एकच गोष्ट तासाभरात दोनदा सांगतात,” ती म्हणाली. मला राग आला. डॉक्टरांनी मात्र हातातले पेन खाली ठेवले आणि म्हणाले, हे आधी सांगायला हवे होते. त्यांच्या सांगण्याचा सार असा: टेस्टोस्टेरॉन फक्त कमरेखालचे काम करत नाही, मेंदूचा जो भाग नव्या आठवणी बसवतो, तिथेही त्याच्यासाठी जागा असतात. ते तुटल्यावर काहींना लक्ष लागत नाही, शब्द सापडत नाहीत, नवे टिकत नाही. सगळ्यांना होत नाही. अभ्यास पुष्कळ झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत फरक दिसला, काहींत दिसला नाही. म्हणून सगळा दोष इंजेक्शनवर टाकण्याआधी बाकीचे तपासायचे. थायरॉइड, साखर, बी-१२, झोप, मन.

बी-१२ बरेच कमी निघाले. जन्मभर शाकाहार, त्यात दूध हल्ली कमी केलेले. त्याची इंजेक्शने झाली. झोपेचे सांगायला नको. रात्री वाफांनी उठायचे, पुन्हा लघवीला उठायचे, आणि पहाटे स्नानाला उठायचेच. अशा झोपेवर तरण्या माणसाचेही डोके चालणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. वाफांसाठी त्यांनी रात्रीची एक बारीक गोळी दिली, तिने बराच फरक पडला. उदास वाटते का, असेही विचारले. मी नाही म्हणालो. ते खरे नव्हते. मंगलाष्टके म्हणताना माझा आवाज अधूनमधून भरून येत असे, आणि ती काही माझी मुलगी नसे.

एका बाईंनी तीस गुणांची परीक्षा घेतली, मराठीतूनच. घड्याळ काढा, काटे दाखवा. शंभरातून सात वजा करत जा. प्राणी ओळखा. पाच शब्द सांगते, थोड्या वेळाने विचारीन. आज तारीख काय? मी तिथी सांगितली, नक्षत्र सांगितले, चंद्र कोणत्या राशीला आहे तेही सांगितले. तारीख आली नाही. बाई हसल्या, पण गुण तारखेचाच होता. पाचांतले तीन शब्द आठवले. उरलेल्या दोघांना ‘भाजी होती’, ‘रंग होता’ अशी खूण दिल्यावर लगेच आले. हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले. डॉक्टर म्हणाले, आत ठेवलेले शाबूत आहे, बाहेर काढताना अडते; खुणेने निघते म्हणजे दिलासा आहे. गुण काठावरचे होते. दरवर्षी पुन्हा बघायचे ठरले.

खुणेने निघते, हे ऐकल्यावर मला आमचीच विद्या नव्याने दिसली. पाठांतर हे निव्वळ डोक्याच्या बळावर चालते असे आम्ही मिरवतो खरे, पण आमच्या पूर्वजांचा आठवणीवर काडीचाही विश्वास नव्हता. क्रमपाठात पहिले पद दुसऱ्याला जोडायचे, दुसरे तिसऱ्याला. जटेत तेच उलट-सुलट. घनात दोन-दोन, तीन-तीन पदे पुढे-मागे, पुन्हा पुढे. एक अक्षर निसटले तरी शेजारचे ओरडते. रुद्राच्या एकादशिनीत नमकाची अकरा आवर्तने, आणि प्रत्येक आवर्तनानंतर चमकाचा एकेक अनुवाक. चौथा अनुवाक म्हटला म्हणजे चार झाली. शिवाय काही जण सुपाऱ्या सरकवतात, काही बेलाची पाने बाजूला काढतात. संथा घेताना गुरूने एकदा म्हणायचे आणि शिष्याने दोनदा, तेही मोठ्याने, मनातल्या मनात नाही. आधारांची ही एवढी मोठी व्यवस्था उभी आहे, आणि मी मात्र गोत्र लिहिलेला एक कागद पाटाशेजारी ठेवायला लाजत होतो.

आता ठेवतो. पोस्टकार्डाच्या आकाराचा जाड कागद, ठळक अक्षरांत, ताम्हनाच्या डाव्या बाजूला. वरच्या ओळीत मास-पक्ष-तिथी-वार-नक्षत्र, खाली गोत्र, नाव, पत्नी, मुले, कार्य. आदल्या रात्री लिहायचा, आणि लिहिताना मोठ्याने दोनदा म्हणायचा. निघताना एकदा, तिथे पोहोचल्यावर एकदा. बहुतेक वेळा कागदाकडे बघावेही लागत नाही. पण तो नसला की हात थरथरतो. फोनवर तारीख कबूल करणे बंद केले. “पंचांग बघून फोन करतो” असे सांगून ठेवून देतो, आणि वहीपुढे बसल्यावरच उलटा फोन करतो. चष्मा, किल्ल्या, मोबाईल यांना देवघराच्या बाहेरच्या कोनाड्यात जागा दिली. संथेची रीत नावांना लागू पडते, चष्म्याला पडत नाही. चष्मा अजून हरवतो.

पाठातले म्हणाल तर सगळे सुखरूप आहे असे नाही. शेजाऱ्याचे नाव आठवत नाही त्या दिवशीही सूक्तामागून सूक्त अडखळल्याशिवाय जाते, हे खरे. पण ऋग्वेदात एकच चरण किंवा एकच अर्धी ऋचा अनेक ठिकाणी येते. अशा जागी पाठक एका सूक्तातून दुसऱ्यात घसरतो. विद्यार्थ्यांचे हे नेहमीचे. माझे पूर्वी होत नसे. आता मन जरा कुठे भरकटले की जीभ वळण चुकते, आणि दोन ऋचा पुढे गेल्यावर ध्यानात येते. चौघे मिळून म्हणत असू तर बाकीचे ओढून आणतात. म्हणून एकट्याने मोठी पारायणे घेत नाही. कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर सगळ्यांबरोबर बसतो, मधोमध, कडेला नाही.

श्राद्धाचे काम सोडून द्यावे असे वाटत होते, कारण तिथे नावेच नावे. वडील, आजोबा, पणजोबा, त्यांच्या बायका, मग आईकडचे तीन पुरुष, आणि पितृपक्षातल्या महालयात तर काका, आत्या, मावशा, सासरे, गुरू, सगळे. आणि तिथेच सगळ्यात कमी अडचण आली. कारण यजमानांनाच काही माहीत नसते. पणजोबांचे नाव विचारले की सदऱ्याच्या खिशातून कागद निघतो, किंवा पुण्याच्या काकांना फोन लागतो. तेव्हा कागद बघून म्हणणाऱ्या गुरुजींकडे कोण बघणार?

उपाय सांगणारे पुष्कळ भेटले. भिजवलेले बदाम, ब्राह्मी, शंखपुष्पी, शब्दकोडी. बदाम खातो, आवडतात म्हणून. चूर्णांना डॉक्टरांनी मनाई केली. अबिराटेरॉनने यकृताला त्रास होऊ शकतो, त्याची रक्ततपासणी चालू असते, त्यात भलते काही मिसळायला नको. त्यांचा भर चालण्यावर आणि ताकदीच्या व्यायामावर. या उपचाराने स्नायू झडतात, हाडे ठिसूळ होतात, पोट सुटते. व्यायामाने ते थोपते, थकवा कमी होतो आणि झोप लागते. सूर्यनमस्कार मणक्यातल्या ठिपक्यांमुळे बंद. खुर्चीतून उठबशा, रबरी पट्टा ओढणे, आणि संध्याकाळी घाटाने फेरी. तांब्या-पितळेची पिशवी मी उचलत नाही.

ती पुतण्या उचलतो. तो वेदपाठशाळेतून बाहेर पडून माझ्याबरोबर फिरायला लागला त्याला काही वर्षे झाली. पाठ माझ्याइतका नाही, आवाज माझ्याहून चांगला. सुरुवातीला मी अडलो की तो गोत्र हळूच पुटपुटायचा, आणि मला ते सहन होत नसे. “काका, मी नाही सांगितलं तर यजमान सांगतील,” तो एकदा म्हणाला. आता उलटे केले आहे. संकल्प तो सांगतो, मी पुण्याहवाचनापासून धरतो. सगळ्या मोकळ्या जागा त्याच्याकडे, ठरलेला भाग माझ्याकडे. गावात ‘गुरुजी आता थकले’ असे बोलले जाते, ते माझ्या कानावर येते. थकलो आहेच. पीएसए सध्या खाली आहे आणि तो ज्या इंजेक्शनने खाली आहे त्यानेच माझे गोत्र पळवले, हा व्यवहार मला मान्य आहे. एखाद्या रात्री मान्य नसतो.

यजमानांना मी आता आधीच सांगतो. परवा जुन्या घरातल्या नातवाच्या मुंजीचे विचारायला फोन आला. आजोबांची मुंज माझ्या वडिलांनी लावलेली, वडिलांची मी.

“गुरुजी, तुम्हीच येणार ना?”

“मी येईन. बरोबर पुतण्या असेल, संकल्प तो सांगेल. मला औषधामुळे नावं राहत नाहीत.”

पलीकडे जरा वेळ काही बोलणे नाही. मग म्हणाले, “गायत्रीचा उपदेश?”

“तो बटूचे वडील करतात. आम्ही दोघं शेजारी असू.”

“मग हरकत नाही. तारीख लिहून घेता?”

“पंचांग बघून फोन करतो,” मी म्हणालो, फोन ठेवला आणि त्यांचे नाव वहीत आधी लिहिले.